हरवलेली रणांगणे : पूर्वमध्ययुगीन इंग्लंडमधील लढाया, आख्यायिका आणि स्थळवाद

इ.स. ४१० च्या सुमारास रोमन सत्ता ब्रिटनमधून निघून गेली आणि १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. या दोन घटनांमधील सुमारे साडेसहाशे वर्षांच्या काळाला इंग्लंडचे पूर्वमध्ययुग म्हटले जाते. समुद्र ओलांडून आलेल्या अँगल, सॅक्सन आदी जर्मानिक लोकांनी उभारलेली लहानलहान राज्ये, त्यांची आपसांत आणि ब्रिटन लोकांशी, म्हणजे आजच्या वेल्श लोकांच्या पूर्वजांशी, चाललेली युद्धे, आणि आठव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झालेल्या व्हायकिंगांच्या स्वाऱ्या यांनी हा काळ भरलेला असल्यामुळे लढायांच्या नावांना त्यात तोटा नाही. तोटा आहे तो जागांचा. ज्या लढायांनी राजे मारले आणि राज्ये बुडवली, त्यांपैकी बहुतेकींचे रणांगण नकाशावर निर्विवादपणे दाखवता येत नाही, आणि जी स्थळे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आले आहेत, त्यांतील बरीचशी तपासणीत टिकत नाहीत.

याचे पहिले कारण साधनांच्या स्वरूपात आहे. या काळाचे मुख्य साधन असलेले ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’, म्हणजे नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाच्या वेसेक्समध्ये संकलित झालेली आणि पुढे निरनिराळ्या मठांत चालू राहिलेली वर्षवार नोंदवही, लढाईबद्दल बहुधा एकदोन वाक्येच खर्च करते : कोण लढले, कोण पडले, मैदान कोणाच्या ताब्यात राहिले, आणि जागेचे नाव. ते नाव त्या वेळच्या वाचकाला पुरेसे होते, म्हणून लेखकाने अधिक काही सांगितले नाही. हजार वर्षांनंतर मात्र त्या नावाची अर्धा डझन गावे निघतात, किंवा एकही निघत नाही. दुसरे कारण जमिनीत आहे. सतराव्या शतकातील यादवी युद्धाची मैदाने बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांमुळे शोधता येतात, परंतु भाले, ढाली आणि तलवारी यांनी लढलेल्या लढाईनंतर जेत्यांनी मेलेल्यांच्या अंगावरचे लोखंड, कातडे आणि कापड उचलून नेले आणि उरले ते मातीने व नांगराने संपवले. शिवाय फौजाही आजच्या कल्पनेइतक्या मोठ्या नसत. सातव्या शतकाच्या अखेरचा वेसेक्सचा राजा इने याच्या कायद्यात सातपर्यंत माणसे असतील तर चोर, सात ते पस्तीस असतील तर टोळी आणि त्याहून अधिक असतील तर सैन्य अशी व्याख्या आढळते. ती गुन्ह्याच्या शिक्षेसाठी केलेली असल्याने तिच्यावरून रणांगणावरील संख्याबळ मोजणे योग्य नाही, तरी ‘सैन्य’ या शब्दामागे दरवेळी लाखांचा समुदाय उभा करण्याची सवय मोडायला ती उपयोगी पडते.

जमिनीत खूण राहिली नाही म्हणून लोकांनी स्मरण सोडून दिले असे मात्र झाले नाही. त्यांनी ते स्मरण त्या मुलखात आधीपासून उभ्या असलेल्या, पण उगम विसरला गेलेल्या खुणांना नेऊन बांधले. टेकडीवर कोरलेला घोडा, शेतातला मातीचा उंचवटा, भोके पडलेला दगड, चर्चच्या दारावरचे कातडे, एखादे झुडूप अशा वस्तू लढाईच्या साक्षीदार ठरल्या. या विषयाच्या अभ्यासात एक गोष्ट वारंवार समोर येते ती अशी, की साक्षीदार जितका ठळक, तितका तो दुसऱ्याच काळातला निघण्याचा संभव अधिक.

ॲशडाउनची लढाई हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. ८७१ च्या जानेवारीत रेडिंग येथे तळ ठोकलेल्या डेनिश सैन्याशी वेसेक्सचा राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड यांची गाठ पडली, आणि आधी रेडिंगला मार खाल्लेल्या वेसेक्सने या वेळी विजय मिळवला. डेनिश राजा बागसेग आणि पाच सरदार पडले. आल्फ्रेडच्या पदरी असलेला वेल्श धर्मगुरू ॲसर याने ८९३ मध्ये लिहिलेल्या चरित्रात या लढाईचे वर्णन आहे. थोरला भाऊ तंबूत प्रार्थनेत अडकून पडल्यामुळे आल्फ्रेडने रानडुकरासारखी एकट्याने चढाई केली, शत्रू उंचावर आणि वेसेक्सचे लोक खालच्या बाजूस होते, आणि एका एकाकी, खुरट्या काटेरी झाडाभोवती सर्वांत घनघोर झुंज झाली, असे तो सांगतो. ते झाड आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचेही तो आवर्जून नमूद करतो. इतका जवळचा साक्षीदार असूनही जागा सापडत नाही, कारण ॲशडाउन हे त्या काळी एखाद्या गावाचे नाव नव्हतेच. बर्कशरच्या खडूच्या टेकड्यांची सबंध रांग त्या नावाने ओळखली जात होती, हे क्रॉनिकलमधील १००६ च्या नोंदीवरून दिसते. त्या वर्षी डेनिश सैन्य ‘ॲशडाउनच्या कडेने’ क्विचेल्मच्या टेकाडापर्यंत गेले असे तेथे म्हटले आहे.

मैलोन्‌मैल पसरलेल्या रांगेत एक काटेरी झाड शोधण्याचे काम अठराव्या शतकात ऑक्सफर्डचे पुराणवस्तुप्रेमी फ्रान्सिस वाइझ यांनी अगदी सोपे करून टाकले. १७३८ मध्ये डॉक्टर मीड यांना लिहिलेल्या आणि छापून प्रसिद्ध केलेल्या पत्रात त्यांनी असे मांडले, की अफिंग्टनच्या टेकडीवर गवत खरवडून पांढऱ्या खडूत काढलेला सुमारे ११० मीटर लांबीचा घोडा म्हणजे आल्फ्रेडने ॲशडाउनच्या विजयाचे उभारलेले स्मारक होय. घोडा हे सॅक्सनांचे चिन्ह मानले जात होते, आल्फ्रेडचे जन्मगाव वाँटेज तेथून जवळच होते, आणि ज्या हॅनोव्हर घराण्याचा राजा तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता त्याचेही चिन्ह पांढरा घोडाच होते; अशा वेळी पुराव्याची फारशी विचारपूस कोण करणार? टीका झाली नाही असे नाही, वाइझ यांची खिल्ली उडवणारी एक पुस्तिका लगेच निघाली. पण आल्फ्रेडचा घोडा लोकांच्या मनात बसला तो बसलाच. अफिंग्टनमध्येच जन्मलेले कादंबरीकार टॉमस ह्यूज यांनी घोड्याच्या साफसफाईच्या जत्रेवर १८५९ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा वाइझ यांचा तर्क जुन्या परंपरेच्या थाटात वावरू लागला होता. जवळच्या किंग्स्टन लाइल गावात एक भोके पडलेला मोठा दगड आहे. त्यात तोंडाने जोरात फुंकर घातली असता घुमणारा आवाज येतो, आणि आल्फ्रेडने तो फुंकूनच सैन्य गोळा केले असे तेथे सांगितले जाते. ॲशबरीजवळच्या एका तटबंदीला ‘आल्फ्रेडचा किल्ला’ म्हणतात. ती लोहयुगातील, म्हणजे आल्फ्रेडच्या हजारभर वर्षे आधीची आहे.

घोड्याचे वय १९९० च्या दशकात ठरले. मातीचे कण शेवटचे केव्हा सूर्यप्रकाशात होते हे प्रयोगशाळेत मोजण्याची एक पद्धत आहे. घोड्याच्या चरातील गाळावर ती वापरल्यावर तो इ.स. पूर्व सुमारे १४०० ते ६०० या दरम्यान कोरला गेल्याचे निष्पन्न झाले. ज्या घोड्याला आल्फ्रेडने जन्म दिला असे मानले जात होते, तो आल्फ्रेडच्या वेळी किमान चौदाशे वर्षांचा होता. ॲसरच्या काटेरी झाडाची बाजू मात्र इतकी लंगडी नाही. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या शाही मोजणीत बर्कशरच्या एका महसुली विभागाचे नाव ‘उघडा काटा’ अशा अर्थाचे आहे, आणि तो विभाग कॉम्प्टन गावाच्या परिसरात, टेकड्यांच्या पूर्वेकडच्या अंगास, रेडिंगच्या बाजूला पडतो. ते झाड तेच होते हे सिद्ध करता येत नाही. परंतु रेडिंगहून निघालेल्या सैन्याचा विचार करता लढाई अफिंग्टनपेक्षा या पूर्वेकडच्या टेकड्यांवर झाली असणे कितीतरी अधिक संभवनीय आहे. डोळे दिपवणारा घोडा पश्चिमेला नसता तर वाद बहुधा एवढा लांबलाच नसता.

आसनडूनच्या लढाईची कथा याहून गुंतागुंतीची आणि अधिक रंगतदार आहे. १८ ऑक्टोबर १०१६ रोजी डेनिश राजपुत्र कनूट याने एडमंड ‘आयर्नसाइड’ या इंग्लिश राजाचा एसेक्समध्ये पराभव केला. एड्रिक स्ट्रेओना हा सरदार आपली माणसे घेऊन ऐन लढाईत पळाला, ईस्ट अँग्लियाचा उल्फकेटेल, डॉर्चेस्टरचा बिशप आणि रॅमझीच्या मठाचा प्रमुख यांच्यासह इंग्लंडमधील मोठमोठी माणसे मारली गेली, आणि काही आठवड्यांतच एडमंडही वारल्यामुळे सबंध राज्य कनूटच्या हाती आले. या जागेवर दोन गावे हक्क सांगतात. एक एसेक्सच्या आग्नेयेस, क्राउच नदीच्या खाडीजवळचे ॲशिंग्डन, आणि दुसरे वायव्येस, केंब्रिजशरच्या सीमेवरचे ॲशडन. दोन्ही नावे आसनडूनशी जुळवता येतात. अकराव्या शतकात कनूटची राणी एमा हिच्या स्तुतीपर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाने या नावाचा अर्थ ‘ॲश वृक्षांची टेकडी’ असा दिला आणि बाराव्या शतकातील वुस्टरच्या जॉन याने ‘गाढवाची टेकडी’ असा. पहिला अर्थ ॲशडनला सोयीचा, दुसरा ॲशिंग्डनला. क्रॉनिकल म्हणते की मध्य इंग्लंडमधील मर्सियात लूट करून आपल्या जहाजांकडे परतणाऱ्या डेनांना एडमंडने गाठले. जहाजे खाडीत होती असे धरले तर ॲशिंग्डन जवळचे, आणि परतीच्या वाटेवर मध्येच गाठले असे धरले तर ॲशडन जवळचे, म्हणजे येथेही मजकूर कोणा एका पक्षाला पूर्णपणे साथ देत नाही.

ॲशडनच्या पक्षाला शतकानुशतके बळ दिले ते बार्टलोच्या टेकाडांनी. ॲशडनच्या शेजारी उंच, निमुळत्या आकाराचे मातीचे ढीग उभे आहेत. पूर्वी ते सात होते आणि त्यांतील सर्वांत मोठा सुमारे १३ मीटर उंच आहे. विल्यम कॅम्डेन (१५५१–१६२३) यांनी ‘ब्रिटानिया’ या आपल्या प्रसिद्ध भूवर्णनात तेथील लोकांचे म्हणणे नोंदवले आहे : डेनांशी झालेल्या लढाईनंतर मेलेल्यांवर हे ढीग रचले गेले, आणि तेथे भरभरून उगवणाऱ्या, रक्तासारखी तांबडी फळे धरणाऱ्या झुडपाला गावकरी डेनांचे रक्त याच नावाने ओळखतात. हे झुडूप म्हणजे बुटका एल्डर. इंग्लंडमध्ये अन्यत्रही जेथे जेथे ते उगवते तेथे डेन मारले गेल्याची कथा त्याच्या मुळाशी सापडते. १८३२ पासून जॉन गेज यांनी ही टेकाडे खणली, तेव्हा आत डेन नव्हते. काचेच्या बाटल्या, ब्राँझची भांडी, लाकडी पेट्या, दिवे आणि जळलेली हाडे यांनी भरलेली ती श्रीमंत रोमनकालीन माणसांची थडगी होती, म्हणजे कनूटच्या जवळजवळ नऊशे वर्षे आधीची. त्या वस्तूंचे दुर्दैव असे, की १८४७ मध्ये ईस्टन लॉज या हवेलीला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या आणि आज त्यांची ओळख मुख्यतः गेज यांच्या वर्णनांवरून व चित्रांवरून होते.

ॲशडनजवळच्याच हॅडस्टॉक गावी सेंट बोटोल्फचे चर्च आहे आणि त्याचे दार अकराव्या शतकातील, इंग्लंडमधील अतिशय जुन्या दारांपैकी एक आहे. या दाराच्या खिळ्यांखाली कातड्याचे तुकडे अडकलेले सापडले आणि चर्च लुटणाऱ्या डेनाला पकडून, सोलून, त्याचे कातडे दारावर ठोकले होते असे सांगितले जाऊ लागले. हीच कथा कॉपफर्डच्या चर्चबद्दल आहे, आणि रॉचेस्टरच्या कॅथीड्रलच्या दारांबद्दल ती सॅम्युएल पेपिस यांनी १६६१ मध्ये आपल्या रोजनिशीत टिपली आहे. हॅडस्टॉकच्या कातड्याची आधुनिक तपासणी झाली तेव्हा ते माणसाचे नसून गुराचे असल्याचे दिसून आले. त्या काळी लाकडी दारे कातड्याने मढवून त्यावर लोखंडी पट्ट्या ठोकण्याची रीत होती, हे त्यामागचे साधे कारण. तथापि आख्यायिका पडली म्हणून गाव बाद होत नाही. १०२० मध्ये कनूटने आसनडून येथे मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी एक मठ-चर्च बांधून त्याचा अभिषेक करवला, हे क्रॉनिकलमध्ये नमूद आहे. स्वतःच जिंकलेल्या लढाईच्या मैदानावर शत्रूच्याही मृतांसाठी प्रार्थनास्थळ उभारणारा राजा विरळाच, आणि कनूटच्या बदलत्या राजनीतीचा हा मोठाच पुरावा आहे. हॅडस्टॉकचे भव्य चर्च तेच असावे असे काही पुरातत्त्वज्ञांचे मत आहे, तर ॲशिंग्डनचे लोक आपल्या टेकडीवरील छोट्या चर्चकडे बोट दाखवतात. एकोणिसाव्या शतकात नॉर्मन विजयाचा इतिहास लिहिणारे एडवर्ड फ्रीमन ॲशिंग्डनच्या बाजूचे होते आणि त्यांच्या वजनामुळे तोच पक्ष पाठ्यपुस्तकांत रुळला. या दोहोंत निवड करायचीच झाली तर तराजू ॲशडन-हॅडस्टॉककडे किंचित झुकतो, पण तो चर्चमुळे आणि नावाच्या जुन्या रूपामुळे. टेकाडांना, झुडपाला आणि कातड्याला त्यात काहीही वजन नाही.

ब्रुनानबर्हच्या बाबतीत वाद याहून कितीतरी मोठा आहे, कारण तेथे मान राष्ट्राच्या जन्माचा आहे असे इंग्रज इतिहासकार समजतात. ९३७ मध्ये एथेलस्टन राजाने डब्लिनचा राजा ओलाफ, स्कॉटलंडचा कॉन्स्टंटाइन आणि स्ट्रॅथक्लाइडचा ओवेन यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. क्रॉनिकलने आपली कोरडी शैली बाजूला ठेवून या लढाईवर ७३ ओळींचे काव्यच दिले आहे, आणि त्यानुसार पाच तरुण राजे व ओलाफचे सात सरदार पडले. इतक्या गाजलेल्या लढाईच्या जागेची नावेही तितकीच आहेत : ब्रुनानबर्ह, ब्रुनानडून, वेंडून, वेल्श वृत्तांतात ‘ब्रुने’, आणि आइसलंडच्या तेराव्या शतकातील एगिलच्या सागेत, म्हणजे गद्य वीरकथेत, ‘विनहेथ’. या सागेत हेझेलच्या काठ्या रोवून आखलेल्या मैदानावर लढाई झाल्याचे वर्णन आहे. ते वाचनीय आहे, पण तीनशे वर्षांनंतरच्या कथाकाराने मांडलेल्या त्या मैदानावरून नकाशा काढणे धोक्याचे. तिसांहून अधिक जागा आजवर सुचवल्या गेल्या आहेत. डमफ्रीझशरमधील बर्न्सवार्कची सपाट माथ्याची टेकडी, ब्रुन नदीकाठचे बर्नली, रॉदरॅमजवळचे ब्रिन्झवर्थ, डरमजवळचे लँचेस्टर ही त्यांतील काही. दूर दक्षिणेला डेव्हनमधील ॲक्समिन्स्टर येथेही या लढाईत पडलेल्या सॅक्सन राजपुत्रांची थडगी असल्याची परंपरा कॅम्डेन यांनी नोंदवली आहे. उत्तरेकडच्या राजांनी एथेलस्टनशी लढायला इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यापर्यंत कशाला यावे, हा प्रश्न त्या परंपरेला पडलेला दिसत नाही.

खरा वाद दोन प्रदेशांत उरतो. वुस्टरच्या जॉनने ओलाफचे आरमार हंबर नदीच्या मुखातून आत शिरल्याचे लिहिले असल्यामुळे मायकल वुड यांच्यासारखे अभ्यासक यॉर्कशरचा आग्रह धरतात. यॉर्क हेच त्या काळच्या सत्तासंघर्षाचे केंद्र होते, हा त्यांचा मुद्दा हलका नाही. पण जॉन लढाईनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होता, आणि डब्लिनहून हंबरला जायचे तर सबंध स्कॉटलंडला वळसा घालावा लागतो. दुसरीकडे लिव्हरपूलसमोरच्या विरल द्वीपकल्पावर ब्रॉमबरो नावाचे गाव आहे. त्याची जुनी लेखी रूपे ब्रुनानबर्ह या नावाशी भाषाशास्त्राच्या नियमांनुसार तंतोतंत जुळतात, आणि डब्लिन समुद्रापलीकडे सरळ समोर पडते. २००४ मध्ये पॉल कॅव्हिल, स्टीफन हार्डिंग आणि जुडिथ जेश यांनी आणखी एक दुवा पुढे आणला : काव्यात पराभूत नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, लोक ज्या ‘डिंगेस मेरे’ नावाच्या पाण्यावरून पळाले ते ‘थिंग’चे, म्हणजे नॉर्स लोकसभेचे, दलदलीचे पाणी असावे, आणि विरलवर अशी सभा भरण्याची जागा दर्शवणारे थिंगवॉल हे गाव आजही आहे. ९०२ मध्ये डब्लिनमधून हाकलले गेलेले नॉर्स लोक याच द्वीपकल्पावर वसले होते, त्यामुळे ओलाफला तेथे ओळखीचा किनारा होता. ब्रुनानबर्ह विरलवर होते हे मत आज सर्वांत भक्कम मानावे लागते. मात्र नाव किल्ल्याचे आहे, मैदानाचे नाही, आणि ब्रॉमबरोजवळच्या बेबिंग्टनच्या परिसरात अलीकडे धातुशोधक यंत्रांनी मिळालेल्या वस्तूंचा संपूर्ण वृत्तांत तज्ज्ञांसमोर तपासला जाईपर्यंत एखाद्या विशिष्ट शेतावर झेंडा रोवणे घाईचे ठरेल.

लोककथा मात्र दरवेळी खोटीच ठरते असा निष्कर्ष यातून काढणे चूक होईल, आणि याचा दाखला माल्डनमध्ये मिळतो. ऑगस्ट ९९१ मध्ये एसेक्सचा वयोवृद्ध सरदार बिर्टनॉथ व्हायकिंगांशी लढताना पडला. त्यावरील काव्याची एकमेव हस्तलिखित प्रत १७३१ च्या आगीत जळाली, पण त्याआधी कोणीतरी तिची नक्कल केली होती म्हणून ३२५ ओळी वाचल्या. भरतीने झाकला जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा दगडी मार्ग, त्याच्या पलीकडचे बेट, आणि मार्ग अडवणारे मोजके रक्षक हे तपशील त्यात आहेत, आणि माल्डनजवळच्या नॉर्थी बेटाला जाणारा मार्ग आजही भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. बिर्टनॉथचे शीर शत्रूने नेले आणि ईलीच्या मठात धड पुरताना त्या जागी मेणाचा गोळा ठेवला, असे तेथील भिक्षू सांगत. १७६९ मध्ये ईलीत त्याच्या नावाने जपलेल्या अस्थी तपासल्या, तेव्हा सांगाडा उंच माणसाचा होता आणि कवटी नव्हती. या आख्यायिकेत आणि अफिंग्टनच्या घोड्यात फरक आहे तो असा, की ही आख्यायिका मृताच्या शरीरापाशी, त्याच्या मठात, अखंड जपली गेली, तर घोड्याची कथा साडेआठशे वर्षांनंतर एका विद्वानाने वरून उतरवली. म्हणून एखादी कथा केवळ लोकांची आहे यापेक्षा ती प्रथम केव्हा आणि कोणाच्या तोंडी आढळते, हा प्रश्न इतिहासकाराने आधी विचारला पाहिजे.

१९९५ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ऐतिहासिक रणभूमींची नोंदवही प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा तीत ४३ मैदाने होती. जागा नकाशावर खात्रीने आखता आली पाहिजे अशी नोंदीची अट आहे. बांधकामांना परवानगी देताना ही नोंद विचारात घेतली जात असल्यामुळे गावोगावच्या अभिमानी मंडळींना ती अट जाचक वाटते; तरी ती योग्यच म्हटली पाहिजे, कारण ती सैल केली तर बार्टलोची टेकाडे पुन्हा डेनांची होतील. १०६६ च्या हेस्टिंग्ज आणि स्टॅमफर्ड ब्रिज या दोन लढायांना तीत स्थान मिळाले, त्याच वर्षीच्या फुलफर्डला मिळाले नाही. त्यापूर्वीच्या साडेसहाशे वर्षांतील एकच मैदान या नोंदवहीत आहे, आणि ते माल्डनचे.